वाहते रक्त थांबते कसे?



खेळताना गुडघा फुटतो. थोडे रक्त येते आणि आपोआप थांबते. ते कोण थांबवते? मी बाईंना विचारले. त्यांनी सांगितले ते येथे लिहीत आहे.

रक्तात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तपट्टिका असतात. दवाखान्यात त्यांना प्लेटलेट म्हणतात. त्या सगळ्यांत लहान. एक घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे अगदी बारक्या थेंबात, त्या दीड ते चार लाख असतात. इटलीच्या बिझोझेरो या डॉक्टरांनी १८८२ साली त्यांचे काम ओळखले.

खडकवासल्याच्या कालव्यात पाण्याला ओढ असते, तशी रक्तालाही असते. तांबड्या पेशी मधून वाहतात आणि रक्तपट्टिकांना कडेला ढकलतात. म्हणून त्या पहारेकऱ्यासारख्या भिंतीजवळ असतात.

रक्तात एक लांब धाग्यासारखे प्रथिन असते. फिनलंडच्या डॉ. फॉन विलेब्रांड यांचे नाव त्याला दिले आहे. एरवी ते लोकरीच्या गुंड्यासारखे गुंडाळलेले असते. कापले की ते जखमेला चिकटते. मग वाहत्या रक्ताच्या ओढीने ते उलगडते आणि रक्तपट्टिका त्याला अडकतात. मला याचे लई नवल वाटले. ज्या जोराने रक्त वाहते, तोच जोर ते थांबवायला मदत करतो!

अडकलेल्या रक्तपट्टिका एकमेकींना धरून बूच करतात. त्यावर बारीक धाग्यांचे जाळे होते. मग खपली धरते.

जखम मोठी असेल तर कच्चे बूच वाहून जाते. म्हणून स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे. सारखे उचलून बघू नये. तंबाखू, माती, चुना भरू नये. डॉक्टरांकडे जावे.

डेंग्यूत रक्तपट्टिका कमी होतात. माझ्या मामाला डेंग्यू झाला तेव्हा त्याला पुण्याला नेले. तिथे त्याला रक्तपट्टिका द्याव्या लागल्या. तो बरा झाला. रक्तपेढीत त्या फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. २० ते २४ अंशांवर, पाळण्यासारख्या हळू हलणाऱ्या यंत्रावर ठेवतात. न हलवता ठेवल्या तर बिघडतात. तरी त्या साधारण पाचच दिवस टिकतात. म्हणून रक्तदान सारखे लागते.

मोठ्या माणसांनी रक्तदान करावे. १८ वर्षांचे झालो की आम्हीपण करू.

— इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा