सौंदर्याचा व्यवसाय, त्वचेची जबाबदारी

लग्नसराई आली की नळदुर्गसारख्या गावातही ब्युटी पार्लरमध्ये गर्दी होते. घर सांभाळून चार पैसे मिळवून देणारा हा व्यवसाय अनेक मुलींना आवडतो. परंतु ज्या हातात दुसऱ्याचा चेहरा सोपवायचा, त्या हाताला त्वचेचे ज्ञान हवेच.

अकोल्यातील उदाहरण बोलके आहे. 2022 साली तेथील एकाच घरातील तीन महिलांना मूत्रपिंडाचा विकार जडला. त्या वापरत असलेले गोरेपणाचे क्रीम मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपासले असता त्यात पारा आढळला. हे क्रीम गावातल्याच ब्युटीशियनकडून घेतलेले होते. पाऱ्यामुळे त्वचेतील रंगद्रव्य कमी तयार होते, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो. पायांवर सूज, लघवीला फेस ही त्याची लक्षणे होत.

डॉक्टर किंवा परिचारिकेप्रमाणे ब्युटीशियनची सक्तीची नोंदणी आपल्याकडे नाही. म्हणूनच रीतसर शिक्षणाला महत्त्व आहे. काही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये (आयटीआय) कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्यासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. त्यानंतर मोठ्या पार्लरमध्ये अनुभव घ्यावा. पुढे स्पाची पर्यवेक्षिकाही होता येते. टॉवेल-उपकरणांची स्वच्छता, मालाच्या मुदतीच्या तारखा, ग्राहकांच्या ॲलर्जीची नोंद आणि नव्या मुलींना शिकवणे ही तिची कामे.

व्यवसाय करणाऱ्या भगिनींनी पुढील पथ्ये पाळावीत :

* नाव, परवाना क्रमांक व मुदत न छापलेले क्रीम वापरू वा विकू नये. 
* स्टिरॉइड असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. 
* केसांचा रंग लावण्यापूर्वी 48 तास आधी कानामागे थोडा लावून पाहावा. 
* प्रत्येकीसाठी नवे ब्लेड घ्यावे. थ्रेडिंगचा दोरा तोंडात धरू नये. 
* चट्टे, पुरळ किंवा बदलणारा तीळ दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

चार दिवसांत गोरे करण्याचे आश्वासन देणारीकडे गिऱ्हाईक एकदा येईल. "हे मी लावणार नाही, आधी डॉक्टरांना दाखवा," असे सांगणारीकडे मात्र ते विश्वासाने पुन्हा येईल. या व्यवसायातील खरी प्रगती त्यातच आहे.