पानं गळली म्हणून रोप टाकू नका

गटाच्या कर्जातून आम्ही फिशटँकची रोपं विकायला आणली. आठवड्यात पानं सडली. पैसे बुडाले, असंच वाटलं. टाकायला काढली, तर मुळं पांढरी, घट्ट! मग उमगलं: ही रोपं बरेचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात बुडवली की जुनी पानं झडतात, नवी फुटतात.

म्हणून सडकी पानं तेवढी काढा. मुळं वाळूत दाबा, कोंब वर ठेवा. जावा फर्नचं आडवं खोड मात्र पुरू नका, कुजतं. दगडाला दोऱ्याने बांधा. दिवा रोज 8 तास पुरे. थेट ऊन नको, शेवाळ माजतं.

महिन्याभरात आमची रोपं हिरवी झाली. आता गिऱ्हाईकाला हे सांगूनच रोप देतो.