डॉक्टरांच्या कानाला अभियंत्यांची साथ

रुग्णालयातील रुग्णाची सुरक्षितता म्हणजे केवळ स्वच्छ खाट आणि योग्य औषध नव्हे. छातीतील एखादा क्षीण आवाज डॉक्टरांना वेळीच ऐकू येणे, हाही त्या सुरक्षिततेचाच भाग आहे. तो निसटला, तर उपचारास विलंब होतो.

फ्रेंच डॉक्टर रेने लाएनेक ह्यांनी १८१६ साली पॅरिस येथे स्टेथोस्कोपचा शोध लावला. दोन शतके हे साधन जगभर उपयोगी पडले. परंतु गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात त्यातून मंद आवाज नीट ऐकू येत नाहीत. शिवाय एका डॉक्टरने ऐकलेले दूरच्या तज्ज्ञास ऐकविता येत नाही.

अशा अडचणींवर उपाय शोधण्यासाठी प्रा. बी. रवी ह्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये २०१४ साली ‘बेटिक’ हे केंद्र उभे राहिले. राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने त्यास साहाय्य केले. येथे आधी डॉक्टर आपली अडचण मांडतात. मग विद्यार्थी व संशोधक आराखडा, नमुना आणि चाचणी ह्या पायऱ्यांनी उपकरण घडवितात.

ह्याच केंद्रातील तरुण अभियंत्यांनी डिजिटल स्टेथोस्कोप तयार केला. तो भोवतालचा गोंगाट कमी करतो, छातीतील आवाज मोठा करतो आणि त्याचा आलेख मोबाइलवर दाखवितो. आवाजाची नोंद तज्ज्ञाकडे पाठविताही येते. २०२० च्या कोरोना साथीत ब्लूटूथमुळे डॉक्टरांना रुग्णापासून अंतर राखून छाती तपासणे शक्य झाले. त्या वर्षी असे सुमारे एक हजार स्टेथोस्कोप रुग्णालयांना व आरोग्यकेंद्रांना पाठविण्यात आले. अर्थात, निदान यंत्र करीत नाही. ते डॉक्टरांनीच करावयाचे असते.

हिंगोली जिल्ह्यासाठी ह्या गोष्टीचे मोल मोठे आहे. सेनगाव वा औंढा नागनाथच्या रुग्णास हृदयतज्ज्ञाच्या सल्ल्यासाठी अनेकदा जिल्ह्याबाहेर जावे लागते. प्रवासाचा खर्च आणि बुडणारी मजुरी ह्यांमुळे तपासणी लांबणीवर पडते. आवाजाची नोंद आधी पाठविता आली, तर कोणाला तातडीने हलवावे, हे लवकर ठरेल.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हिंगोलीचाही समावेश आहे. तेथील डॉक्टरांनी व परिचारिकांनी आपल्या कक्षांतील अडचणी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे मांडल्या, तर पुढचे उपकरण हिंगोलीच्या गरजेतून जन्म घेऊ शकेल. आपल्या कुटुंबात अभियांत्रिकी शिकणारी मुले-मुली असतील, तर त्यांना एकदा रुग्णालयात जाऊन हे प्रश्न जाणून घेण्यास अवश्य सांगावे.