रणगाड्यात बसलेला सेनापती: 'बॅटलझोन' या जुन्या गेमचं बळ आणि दुबळेपणा



"तुझा पीएचडीचा विषय काय?" असं गावाकडे कुणी विचारलं की मी सांगतो, "एका माणसाला एकाच वेळी किती यंत्रं सांभाळता येतात, ते मोजायचं." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "त्याला पीएचडी कशाला?" आज त्याचं उत्तर एका जुन्या गेममधून देतो.

२००९ च्या सुमारास मी सहावी-सातवीत होतो. तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, एका मित्राच्या दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर 'बॅटलझोन' होता. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून आम्ही खेळायला बसायचो. एकदा मी शत्रूच्या रणगाड्यामागे लागलो होतो. तो फोडला, आनंदाने ओरडलो, आणि तेवढ्यात मागे आमचा रिसायकलर उडाला. तो गेला की नवीन वाहनं बनत नाहीत, खेळ संपल्यातच जमा. मित्र म्हणाला, "आरं, ध्यान कुठंय तुझं?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. शेवटी परत त्याच्याकडे येऊ.

गेम नेमका काय होता?

अॅक्टिव्हिजनने हा गेम १९९८ मध्ये काढला. नाव घेतलं अटारीच्या १९८० च्या आर्केड गेमवरून, ज्यात नुसत्या रेघांनी काढलेले रणगाडे होते. नव्या गेमची गोष्ट मात्र वेगळी. उल्कांमधून 'बायोमेटल' नावाचा परग्रहावरचा धातू सापडतो. तो मिळवण्यासाठी अमेरिका आणि सोव्हिएत रशिया अंतराळ स्पर्धेच्या आडून चंद्र, मंगळ, शुक्र असं करत थेट आयो आणि टायटनपर्यंत गुपचूप लढतात.

त्या काळातले व्यूहरचनेचे बहुतेक गेम वरून खेळायचे असत. 'एज ऑफ एम्पायर्स' आठवा: तुम्ही जणू ढगात बसून माणसं हलवता. 'बॅटलझोन'ने तुम्हाला ढगातून खाली आणलं आणि जमिनीच्या जरा वर तरंगणाऱ्या रणगाड्यात बसवलं. गोळ्या तुम्हीच झाडायच्या आणि फौजही तुम्हीच चालवायची.

जमलेल्या गोष्टी

पहिली म्हणजे भीती. टेकडीपलीकडे काय आहे ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. नकाशावर बोट ठेवून हुकूम सोडणं सोपं असतं, पण त्याच टेकडीमागून आपल्यावर मारा झाला की हुकमाची किंमत कळते.

दुसरी, भंगार. फुटलेल्या वाहनांचे तुकडे 'स्कॅव्हेंजर' गोळा करतात आणि त्यातून नवी वाहनं बनतात. त्यामुळे लढाई जिथे झाली, ती जागा आपोआप मोलाची होते. वेगळी सोन्याची खाण दाखवावी लागत नाही.

तिसरी आमची सगळ्यात आवडती. रणगाड्यातून उतरून, लांबून शत्रूच्या चालकाला टिपायचं आणि त्याचं रिकामं, धडधाकट वाहन आपलं करायचं!

फसलेल्या गोष्टी

आपली वाहनं स्वतःहून शहाणपणाने वागत नसत. एकमेकांना धडकायची, अडकायची, स्कॅव्हेंजर भंगाराच्या नादात थेट शत्रूच्या तोंडात जायचा. प्रत्येकाला हुकूम द्यायला आकडे दाबत मेनूत शिरावं लागे, आणि तेवढ्यात तुमच्यावर गोळीबार चालूच. समीक्षकांनी कौतुक केलं, पण विक्री बेताचीच झाली. २०१६ मध्ये नव्या रूपात आला, तेव्हाही खेळाचा सांगाडा तोच राहिला.

आता थोडं गणित

ऑल्सन आणि गुडरिच या संशोधकांनी २००३ मध्ये यंत्रमानव सांभाळण्याची काही मापं मांडली. त्यातली दोन अशी. एखादं यंत्र तुमच्या लक्षाशिवाय किती वेळ नीट काम करतं, त्याला 'दुर्लक्ष-काळ' म्हणू. त्याला परत मार्गी लावायला किती वेळ जातो, तो 'संवाद-काळ'. या दोन्हींची बेरीज करून तिला संवाद-काळाने भागलं की 'फॅन-आउट' मिळतो. म्हणजे एका माणसाला जास्तीत जास्त किती यंत्रं झेपतील, त्याचा अंदाज.

समजा, यंत्र २० सेकंद आपलं आपण चालतं आणि त्याला सूचना द्यायला ५ सेकंद लागतात. २५ भागिले ५, म्हणजे ५ यंत्रं.

आता तुम्ही स्वतः चालवताय तो रणगाडा घ्या. हात काढला की तो थांबतो, म्हणजे दुर्लक्ष-काळ शून्य. मग ५ भागिले ५, उत्तर १. हे एकच वाहन तुमचं सगळं लक्ष खातं! आणि गेम म्हणतो, शिवाय बाकीची फौज पण सांभाळा.

म्हणजे 'बॅटलझोन'चं बळ आणि दुबळेपणा या दोन वेगळ्या याद्या नाहीतच. सेनापतीला मैदानात उतरवलं म्हणून थरार आला, आणि त्यामुळेच फौज बेवारस झाली. ऊसतोडीत मुकादम बांधावर उभा राहून कुठली टोळी मागे पडली, कुठली गाडी भरली ते बघतो. तोच कोयता घेऊन फडात उतरला, तर त्याला हातातल्या उसापलीकडचं काय दिसणार? गेम बनवणाऱ्यांनाही हे कळलं असावं. कॉम टॉवर बांधला की वरून बघता यायचं. पण तोवर तुमचा रणगाडा खाली एकटाच!

हे आज का सांगतोय?

'नमो ड्रोन दीदी' योजनेत देशभरातल्या १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. आपल्याकडे सोयाबीनवर ड्रोनने फवारणी होताना तुम्ही पाहिलीही असेल. उद्या कुणी म्हणेल, एका ताईकडे तीन ड्रोन द्या, खर्च वाचेल. झेपतीलही, जर तिन्ही आपले आपण उडत असतील तर. पण वारा सुटला, मध्ये विजेची तार आली आणि एक ड्रोन हाताने उडवावा लागला, की त्याचा दुर्लक्ष-काळ शून्य. उरलेल्या दोघांकडे कोण बघणार?

माझं काम या प्रश्नाभोवती आहे. यंत्रं वाढवण्याआधी त्यांचा दुर्लक्ष-काळ वाढवा, आणि अडचणीच्या क्षणी बाकीची यंत्रं आपणहून सुरक्षित थांबतील अशी सोय करा. नाहीतर अपघात होईल, आणि त्या ताईलाच विचारलं जाईल, "ध्यान कुठं होतं तुझं?"

ध्यान होतं, एकाच ठिकाणी. माणसाचं तेवढंच असतं. रिसायकलर उडाला तेव्हा मला हे उत्तर सुचलं नव्हतं. मित्राला आता लेख पाठवतोय.