फोडणी : कढईतली आणि बोलण्यातली

तेल पुरेसे तापले की त्यात मोहरी पडते. दाण्यातील ओलाव्याची वाफ होते, टरफल फुटते आणि तडतड सुरू होते. मागोमाग जिरे, शेवटी चिमूटभर हिंग. आणि ती धार वरणावर पडताच उठणारा ‘चर्र’ असा आवाज माजघर ओलांडून बाहेर येतो. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या आपल्या घरांत तर स्वादाचा मोठा भार या फोडणीवरच असतो.

शब्दकोशात ‘फोडणी’चा अर्थ सरळ आहे : तापलेल्या तेला-तुपात मोहरी, जिरे, हिंग इत्यादी तडतडवून पदार्थाला देण्याचा संस्कार. शब्द आला ‘फोडणे’ या क्रियापदापासून, आणि त्याचे मूळ संस्कृत ‘स्फुट्’ या धातूत. स्फुट् म्हणजे फुटणे, उमलणे, प्रकट होणे. कढईत फुटते ती मोहरी. पण प्रकट होतो तो तिच्या आत दडलेला वास. अर्थ प्रकट करणाऱ्या शब्दतत्त्वाला आपले प्राचीन वैयाकरण ‘स्फोट’ म्हणत. भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीय’ात त्याचे विवेचन आहे. एका धातूने पाकशास्त्र आणि व्याकरण दोन्ही जोडावीत, ही भाषेची गंमतच.

आपल्या समाजात अनेक भाषा एका पंगतीला बसतात. गुजराती घरात फोडणीला ‘वघार’ म्हणतात, हिंदीत ‘बघार’. दोन्हींच्या मागे संस्कृत ‘व्याघार’, म्हणजे तुपाचे सिंचन, उभा आहे. कोल्हापूर-बेळगावकडील कन्नड बोलणाऱ्या घरांत तीच ‘ओग्गरणे’ होते. ‘तडका’ हा शब्द आता सगळीकडे रुळला आहे. मात्र गुजराती आजीबाईंना ‘तडको’ म्हटले तर त्या पापड वाळत घालायला गच्चीवर निघतील, कारण त्यांच्या भाषेत तडको म्हणजे ऊन!

कढईतून हा शब्द जिभेवर आला आणि त्याला दुसरा अर्थ फुटला. हिंदीत बढाई मारण्याला ‘शेखी बघारना’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रे ‘महागाईची फोडणी’ देतात, ‘वादाला फोडणी’ घालतात. पूर्वी ज्याला ‘तिखटमीठ लावून सांगणे’ म्हणत, त्यालाच आज तरुण मंडळी ‘फोडणी टाकू नकोस’ असे म्हणतात. कोशातील अर्थ चव वाढविणारा, बोलीतील अर्थ भांडण वाढविणारा.

पेढीवरचा एक प्रसंग कल्पून पाहावा. थोरले बंधू मुनीमजींना सांगतात, “धाकट्याला म्हणावे, या महिन्याचा हिशेब एकदा बघून घे.” निरोप साधाच. तो धाकट्या बंधूंपर्यंत पोहोचतो तेव्हा मात्र त्याचे रूप असे होते : “धाकटे शेठ, थोरल्या शेठना म्हणे आता तुमचा हिशेब बघायचा आहे.” ‘म्हणे’ आणि ‘आता’ हे दोनच दाणे वर पडले. एकही आकडा खोटा नाही, तरी त्या रात्री दोन खोल्यांतील दिवे उशिरापर्यंत जळतात. असे चार-सहा निरोप झाले, की पुढे गल्ला वेगळा, मग चूल वेगळी.

यालाच आपण काय म्हणतो? ‘घरात फूट पडली.’ ही ‘फूट’ही त्याच ‘स्फुट्’ धातूची लेक! फोडणी आणि फूट या सख्ख्या बहिणी आहेत. आपल्या परंपरेने अठरा पापस्थानांत हिंसा-चोरीच्या पंगतीला ‘पैशुन्य’ म्हणजे चहाडीही बसवली आहे. ती इतकी मोठी का मानली, याचे उत्तर या शब्दांच्या नात्यात मिळते.

सुगरणीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. फोडणी क्षणाचे काम. तेवढ्यात मोहरी करपली, मेथी जळली तर सारे पातेले कडवट होते, आणि घातलेली फोडणी परत काढता येत नाही. बोलण्याचेही तसेच. म्हणून पेढीवर आणि घरात निरोप शक्यतो ज्याचा त्यानेच द्यावा. मध्यस्थाने द्यायचा झाल्यास ऐकला तसाच, बिनफोडणीचा द्यावा. आणि ऐकणाऱ्याने मनात किंतु येताच रात्र उलटण्याआधी थेट विचारावे. यात कमीपणा नाही, शहाणपण आहे.

भाषेनेही यावर तोड ठेवली आहे. घरी मोल्सवर्थ यांचा १८५७ सालच्या आवृत्तीचा कोश किंवा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ असल्यास मुलांना ‘फोडणे’ हा शब्द शोधायला सांगावे. ‘खापर फोडणे’ आणि ‘गुपित फोडणे’ यांच्याच घराण्यात ‘अन्यायाला वाचा फोडणे’ आहे आणि ‘फोडून सांगणे’ही आहे. फोडून सांगणे म्हणजे मनातले स्पष्ट, उलगडून सांगणे. फोडणी वरणाला द्यावी. माणसाला मात्र फोडून सांगावे.