तराजू एकच असावा

आठवड्यातून एक दिवस उपनगरातील मोकळ्या जागेत मांडव उभे राहतात आणि शेतकरी गटांची भाजी थेट गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडते. भाजीशेजारी तांदूळ, डाळी, गूळ आणि हळदही दिसते. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत धान्य-किराण्याची दुकाने चालवणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही स्पर्धा जाणवणे स्वाभाविक आहे. ‘आम्हांला सारे नियम आणि त्यांना मोकळे रान?’ हा प्रश्न म्हणूनच घराघरांत ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर देण्याआधी दोन्ही बाजू तपासल्या पाहिजेत.

महाराष्ट्रात 1963 साली कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा झाला. शेतकऱ्याची लुबाडणूक थांबावी म्हणून विक्री समितीच्या आवारात बांधली गेली. कालांतराने त्याच आवाराचे कुंपण झाले. मुंबईचा घाऊक भाजीबाजार 1996 साली नवी मुंबईत गेला. तेथे अडत्या, घाऊक व्यापारी आणि फेरीवाला अशा हातांतून फिरून भाजी उपनगरात येई. प्रत्येक हाताची मजुरी भावात चढे आणि पिकवणाऱ्याच्या वाट्याला थोडेच उरे. जुलै 2016 मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्याच वर्षी राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतकरी आठवडे बाजारांना अरणच्या संत सावता माळींचे नाव मिळाले. मळ्यालाच पंढरी मानणाऱ्या संताचे हे नाव समर्पक आहे.

आता दुकानदाराची बाजू. गाळ्याचे भाडे, नोकरांचे पगार, अन्नसुरक्षेची नोंदणी, वजनकाट्यांची पडताळणी हे सारे रोजचेच आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी आला. जून 2024 मध्ये केंद्राने तूर आणि हरभऱ्याच्या साठ्यावर किरकोळ दुकानदारासाठी 5 टनांची मर्यादा घातली. स्वतःच्या जमिनीतील पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला मात्र जीएसटीची नोंदणी लागत नाही.

ही सवलत अन्यायाची नाही. ती पिकवणाऱ्याला आहे. तक्रार असलीच तर ती वेगळ्या ठिकाणी हवी. घाऊक बाजारातून माल उचलून शेतकऱ्याच्या मांडवात बसणारा हा व्यापारीच असतो. त्याला व्यापाऱ्याचेच नियम लागले पाहिजेत. पडताळणी केलेले वजन, पुडीवर निव्वळ वजन आणि उत्पादकाचे नाव ही अपेक्षा मांडव आणि दुकान या दोघांकडूनही सारखीच असावी. आपल्या व्यापारी संघटनांनी महापालिकेकडे बाजार बंद करण्याची नव्हे, तर ही छाननी करण्याची मागणी करावी.

मागणी करणाऱ्याचा स्वतःचा काटा मात्र निर्दोष हवा. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील तीन थेट दुकानाच्या गादीशी येऊन भिडतात: राज्याच्या नियमांचे उल्लंघन, कमी-अधिक मापे आणि खऱ्या मालात हलक्या मालाची भेसळ. वजनमापांचा आणि अन्नसुरक्षेचा आजचा कायदा जे दंडाच्या भयाने सांगतो, ते श्रावकाला व्रत म्हणून केव्हाच सांगितले गेले आहे.

राहिला प्रश्न टिकण्याचा. आठवडे बाजार एक दिवस भरतो. दुकान उरलेले दिवसही उघडे असते. महिनाअखेरीची उधारी, घरपोच माल, निवडून-पाखडून दिलेली डाळ, चातुर्मासात कोणत्या घरी काय वर्ज्य याची जाण हे भांडवल मांडवाजवळ नाही. शिवाय शेतकरी कंपन्यांकडून कायद्याच्या चौकटीत थेट माल घेऊन दुकानातच त्यांची नावानिशी विक्री करता येईल. तसे झाले तर आज ज्याला आपण प्रतिस्पर्धी म्हणतो, तोच उद्या आपला पुरवठादार होईल.