दुभाजकावरील पुनर्नवा

पहिल्या पावसानंतर पंधरवड्यात नांदेड व लातूर येथील रस्तादुभाजकांवर कोणीही न लावलेली बाग उगवते. शोभेच्या झुडपांच्या बुंध्याशी घेटुळी (पुनर्नवा), सराटा, आघाडा, तरोटा, भुईआवळी पसरतात. रस्ता करताना काळी माती उकरून मुरूम व बांधकामाचा राडा भरला जातो. अशी उघडी, तापणारी जमीन लवकर रुजणाऱ्या किंवा खोल मुळाच्या वनस्पतींनाच मानवते. नांदेडात २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीपूर्वी रस्ते रुंद झाले, तेव्हा अशी जमीन पुष्कळ तयार झाली. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे या बिनपाण्याच्या हिरवाईचे कौतुक वाटणे स्वाभाविकच आहे.

तथापि औषधशाळेच्या दारात ओल्या पुनर्नवेचे पोते उतरते, तेव्हा ती कोठून उपटली हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय हा स्वतंत्र अध्याय योजून स्मशान, वारूळ, खाचखळग्यांची भूमी औषधग्रहणास वर्ज्य सांगितली. आजचा दुभाजक याच पंक्तीत बसवावा लागेल. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. परंतु मातीत बसलेले शिसे कुजत नाही, वरच्या थरात दशकानुदशके टिकते. टायरांची झीज, जुने रंग व धूळ यांची त्यात भर पडते. पानांवरची धूळ धुता येते, मुळाने शोषलेले शिसे धुता येत नाही. क्वाथ किंवा घन करताना तर ते औषधाबरोबरच उतरते. निर्यातीच्या वनौषधींना १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग, ही मर्यादा आहे. ती केवळ परदेशच्या रुग्णांसाठी पाळावयाची, हे वैद्यांना शोभणारे नाही.

त्याच पोत्यात दुसरा घोटाळा असतो. पांढरी घेटुळी सर्रास पुनर्नवा म्हणून खपते. खऱ्या पुनर्नवेची लहान फुले देठावर झुपक्याने येतात, फळ कपड्याला चिकटते. पांढरीचे फूल पानाच्या बेचक्यात एकटे, देठाविना बसते व बी काळे असते. ही ओळख विद्यार्थ्यांना पटवण्यास दुभाजकासारखी शाळा नाही.

त्या झाडांचे पिकलेले बी मात्र अवश्य गोळा करावे. रहदारीपासून दूर, जुन्या शेताच्या कडेला दोन-चार वाफे पेरले तरी लहान औषधशाळेची पुनर्नवेची बरीचशी गरज भागते, आणि पोते कोठून आले हा प्रश्नच उरत नाही.